बेचाळीस मुद्द्यांचा उन्हाळा

एप्रिल लागला की नागपूरच्या महाल भागातल्या गल्ल्यांमध्ये कूलरला लावायच्या वाळ्याच्या ताट्यांचे ढीग दिसायला लागतात. दुकानांच्या पायऱ्यांवर, दुचाकीच्या मागच्या सीटवर, कुणाच्या डोक्यावर. कोरड्या असतात तोवर त्यांना नुसता गवताचा वास असतो. पहिलं पाणी पडलं की वाळ्याचा तो ओला, मातकट गारवा घरभर पसरतो आणि माणूस म्हणतो, चला, आता दोन महिने निभतील. मलाही हा वास लहानपणापासून आवडायचा. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आवडायचा. आता ताटीवर पाणी पडलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. त्या वर्षी ह्याच वासात, ह्याच कूलरसमोर, कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर वाटी पालथी घालून मी एक यादी लिहीत बसले होते.

मी एकतीस वर्षं नर्सिंगच्या मुलींना शिकवलं. सुई कशी धरायची, रोगी पलंगावर असताना चादर कशी बदलायची, मेलेल्या माणसाच्या नातेवाइकांसमोर कसं उभं राहायचं. निवृत्त होऊन वर्ष झालं नव्हतं, तेव्हा डॉ. लोखंडे घरी आले. लहान मुलांचे डॉक्टर, हळू बोलणारे, समोरच्याचं बोलणं संपल्यावर क्षणभर थांबून मग उत्तर देणारे. त्यांची एक छोटी संस्था आहे. दर जूनमध्ये इथले पाच-सहा डॉक्टर आणि नर्सेस ते दोन महिन्यांसाठी मलावीला पाठवतात. मलावी म्हणजे आफ्रिकेतला एक लहानसा देश. तिथल्या खेड्यांतल्या दवाखान्यांत ही मंडळी बिनपगारी काम करतात.

आदल्या वर्षी तिथं काहीतरी बिनसलं होतं. काय, ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. पहिल्या आठवड्यात दवाखान्याबाहेर बसायला जागा नव्हती आणि तिसऱ्या आठवड्यात बाकं रिकामी होती. भांडण नाही, तक्रार नाही, लोक नुसते यायचे थांबले. तिथल्या मेट्रनबाईंनी शेवटी आभाराचं पत्र पाठवलं. त्याच्या तळाशी एक ओळ होती : पुढच्या वेळी आपल्या माणसांना थोडं तयार करून पाठवाल का?

"औषधांचं आम्ही पाहून घेऊ," डॉक्टर म्हणाले. "हे जे दुसरं आहे, ते तुम्ही शिकवा, ठवकर मॅडम. मे महिन्यातले चार रविवार."

"डॉक्टर, मी भोपाळच्या पलीकडं गेलेली नाही."

ते थोडं थांबले. "म्हणूनच," म्हणाले. "आपल्याला सगळं माहीत आहे असं तुम्हाला तरी वाटणार नाही."

माझ्याबद्दल इतका चुकीचा अंदाज दुसऱ्या कुणी कधी बांधला नसेल.

भीती वाटली की मी यादी करते. परीक्षेच्या आधी, लेकीच्या लग्नात, ह्यांच्या बायपासच्या वेळी, मी यादीच केली. कागदावर आकडे पडले की छातीतली धडधड एक-एक आकड्यानं उतरते. त्या एप्रिलमध्ये मी इंटरनेटवर सापडेल ते वाचलं, आदल्या वर्षी गेलेल्या दोघींना फोन केले, व्हिडिओ पाहिले. पाहुण्याच्या हातात वस्तू देताना दोन्ही हात पुढं करायचे. मोठ्या माणसासमोर बाई थोडं गुडघ्यात वाकते. नमस्कार-चमत्कार झाल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही, घाईत असलात तरी नाही. रोग्याबरोबर आलेले नातेवाईक अंगणात चूल मांडतात, त्यांना हटकायचं नाही. मी लिहीत गेले. रोज काहीतरी नवं सापडायचं आणि रोज वाटायचं, हे राहिलं असतं तर? यादी बेचाळीसवर थांबली, कारण कार्डावर तेवढंच मावत होतं. छापून, खिशात मावेल अशा आकारात लॅमिनेट करून मी प्रती आणल्या. दुकानातून बाहेर पडताना ऊन डोळ्यांत सुया टोचत होतं आणि मला कित्येक दिवसांनी हलकं वाटत होतं.

सव्विसावा मुद्दा असा होता : मुलाबाबतचा मोठा निर्णय आई एकटी घेत नाही. तिच्या भावाला, म्हणजे मुलाच्या मामाला विचारावं.

वर्ग डॉक्टरांच्या दवाखान्याच्या गच्चीवर, पत्र्याच्या खोलीत भरायचा. दोन कूलर लावूनही पाठीवरून घामाची धार उतरायची. सहा जण होते. पहिल्या दिवशी मी फळ्यावर तिकडचं "कसे आहात?" लिहिलं : "मुली ब्वांजी?" आणि सगळा वर्ग फुटला. "मॅडम, मुलीच काहून? मुलं ब्वांजी नाही का?" मीही हसले. मग सगळ्यांनी एकमेकांना दहा-दहा वेळा विचारलं, मुली ब्वांजी, मुली ब्वांजी. त्या हशात मला वाटून गेलं, हे सोपं आहे.

हशात सामील न झालेला एकच होता, अक्षय. लहान मुलांचा डॉक्टर, अठ्ठावीस वर्षांचा. हात चांगला, डोकं त्याहून चांगलं, आणि दोन्ही गोष्टी त्याला ठाऊक. तिसऱ्या-चौथ्या मुद्द्यालाच त्यानं हात वर केला. "मॅडम, मलेरियाला काय संस्कृती असते का? पोरगं तापलं तं औषध द्यायचं. यात शिकण्यासारखं काय आहे?"

बाकीचे माझ्याकडं बघायला लागले. एकतीस वर्षांच्या सवयीनं माझा आवाज आपोआप चढला. "हे कार्ड खिशात ठेव," मी म्हटलं. "तिथं तुझं डोकं चालणार नाही. कार्ड चालेल."

त्यानं कार्ड खिशात ठेवलं. त्या दिवसापासून तो पहिल्या बाकावर बसायला लागला, टिपणं काढायला लागला. मला वाटलं, आपण एक माणूस जिंकला.

दुसऱ्या रविवारी आम्ही प्रसंग करून पाहिले. काटोलकडची प्रणाली आई झाली. ही सव्वीस वर्षांची नर्स, वडिलांची संत्र्याची बाग, बोलणं थेट. उशी हे आजारी पोर. अक्षय डॉक्टर. त्यानं प्रणालीला विचारलं, "बाळाला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, नेऊ का?" मी टाळी वाजवून थांबवलं. "चूक. सव्विसावा मुद्दा. मामा कुठं आहे ते विचार."

प्रणालीनं उशी पोटाशी धरली. "पण मॅडम, पोरगं तं माझं आहे नं?"

सगळे हसले. मी म्हटलं, "तिथं तसं नसतं."

हे तीन शब्द मी किती सहज उच्चारले होते, ते आता आठवलं की कानात ऊन शिरल्यासारखं होतं.

थोको मला त्यानंतर भेटली. हे "त्यानंतर" महत्त्वाचं आहे. आधी भेटायला हवी होती. ती मलावीची, नागपुरात औषधनिर्माणशास्त्र शिकत होती, शहराच्या कडेला वाडी भागात राहत होती. डॉ. लोखंड्यांनीच तिचा नंबर दिला होता. मी गेले तेव्हा अकरा वाजले होते. अमरावती रोडवर ट्रकांची रांग इंजिनं चालू ठेवून उभी होती. गोदामांच्या पत्र्यांवरून उन्हाच्या झळा वर जाताना दिसत होत्या आणि त्यांतून पलीकडची माणसं पाण्यातून पाहिल्यासारखी हलत होती. एका गोदामाच्या वर तीन खोल्या भाड्यानं दिलेल्या, त्यातली शेवटची थोकोची.

तिनं दारातच दोन्ही हातांनी मला पाण्याचा पेला दिला, किंचित वाकून. मुद्दा क्रमांक सात, माझ्या मनात आलं, आणि मी खूश झाले.

ती ट्रकवाल्यांच्या शेजारात शिकलेली अस्सल नागपुरी हिंदी बोलायची, मराठीही अडखळत वाचायची. कार्ड तिनं उन्हाकडं धरून वाचलं. आधी हसली. "माझी आजी खूश होईल. ह्याच गोष्टींवरनं ती मला रोज रागवायची." मग वाचता वाचता तिचं हसू थांबलं. सव्विसाव्या मुद्द्यावर तिनं अंगठा ठेवला.

"हे घराघरावर आहे, मॅडम. काही घरी असं असतं. माझ्या घरी माझी आईच ठरवते. मामाला नंतर कळवतात."

"पण साधारणपणे?"

तिनं खांदे उडवले. "साधारणपणे तुमच्याकडे काय असतं?"

मी पेल्यातलं पाणी संपवलं. प्रती तयार होत्या, दोन रविवार उरले होते. मी तिच्याकडं विचारायला गेलेच नव्हते, शाबासकी घ्यायला गेले होते. एवढं कळायला मला पुढं फार किंमत मोजावी लागली, आणि ती किंमतही माझी नव्हती.

निघताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुला इथं आल्यावर कसं वाटलं होतं?"

ती कार्ड परत देत म्हणाली, "पहिल्या उन्हाळ्यात मला खूप ताप आला. घरमालक मला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी सगळं त्यांनाच विचारलं. किती दिवसांपासून, काय खाल्लं, उलटी झाली का. मी तिथंच बसले होते. त्यांना वाटलं असेल, हिला हिंदी येत नाही." मग माझा रिकामा पेला उचलत, "मला येत होती."

परतताना मी ऑटोत बसले आणि ह्या गोष्टीचं मला वाईट वाटलं, पण तेवढीच ती सोयीचीही वाटली. वर्गात सांगायला चांगला किस्सा मिळाला होता. पुढच्या रविवारी मी तो सांगितलाही, रंगवून. सव्विसावा मुद्दा मात्र तसाच राहिला. बाकीचे एक्केचाळीस बरोबर होते ना.

शेवटचा रविवार नवतप्यात आला. मेच्या अखेरीचे ते नऊ दिवस म्हणजे सूर्य आमच्याकडं मुक्कामालाच असतो. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. स्कूटीवरून आलेल्या मुलींनी चेहऱ्याभोवती गुंडाळलेले दुपट्टे सोडले तेव्हा नाकाच्या कडेला पांढरं मीठ दिसत होतं. मी सगळ्यांसाठी कैरीचं पन्हं नेलं होतं. डॉक्टरांनी दोन शब्द बोलायला सांगितले तर मी पुन्हा पन्ह्याचे पेले भरायला लागले. पोरं इतक्या दूर जाणार, आणि मी त्यांना काय दिलं, तर एक कार्ड.

प्रणाली जिन्यात मागं राहिली. "मॅडम, मले भीती वाटून राहिली."

"कशाची?"

"तेच तं कळून नाही राहिलं. बेचाळीस गोष्टी पाठ झाल्या. आता कुणी समोर आलं तं मी त्याच्याकडे पाहीन का यादी आठवीन?"

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, सवय होईल. म्हणजे मी तिलाही ऐकलं नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा पहिला निरोप आला : "मॅडम, इथं थंडी वाजून राहिली! कुणाकडेच स्वेटर नाही." तिकडं जून-जुलै हिवाळ्याचे, हे मला माहीतच नव्हतं. बेचाळीस मुद्द्यांत हवामान नव्हतं. मी थोकोला फोन केला तर ती पोट धरून हसली. "तुम्ही विचारलंच नव्हतं, मॅडम!" हेही हसले. "काहून वं, एवढा अभ्यास करून राहिली होती, अन् थंडी कोणत्या पानावर होती?" मीही हसले, पण त्या हसण्याच्या तळाशी एक बारीक खडा लागला. एवढं मोठं, आभाळाएवढं मला दिसलं नव्हतं, तर आणखी काय काय दिसलं नसेल?

फोन जुलैत आला. संध्याकाळचे सात वाजले होते, तिकडं दुपार. फोन प्रणालीचा होता.

तिनं सांगितलं ते असं. त्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास खेड्यातल्या त्या दवाखान्यात एक आई चार वर्षांच्या मुलाला पाठीला बांधून घेऊन आली. मुलाचं नाव चिसोमो. ताप डोक्यात गेला होता, झटके येत होते. तिथला नेहमीचा वैद्यकीय अधिकारी दुसऱ्या गावी गेलेला. दवाखान्यात अक्षय एकटा, आणि भाषा सांगायला एक मदतनीस बाई. अक्षयनं औषध ताबडतोब सुरू केलं, त्यात कसूर नाही. मुलाला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हलवायला हवं होतं, तीन तासांचा रस्ता. गाडी दारात उभी होती. अक्षयनं खिशातलं कार्ड आठवलं आणि मदतनीस बाईला विचारलं, "ह्याचा मामा कुठं आहे?"

मामा शेजारच्या देशात कामाला होता. फोन लागेना. कुणीतरी मामाच्या मित्राकडं सायकलवर गेलं. दुसरा मामा होता, चुलत, तो बाजाराला गेलेला. त्याच्या मागं माणूस गेला. अक्षय दारात उभा राहून वाट बघत होता. आई भिंतीशी पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मदतनीस बाई दोघांच्या मध्ये. कुणी घाई केली नाही, कुणी आवाज चढवला नाही. सगळे अगदी नम्रपणे वागत होते.

बाराच्या सुमारास प्रणाली दुसऱ्या केंद्रावरून परतली. दारातला अक्षय, उभी गाडी, भिंतीशी बाई. ती सरळ जाऊन त्या बाईशेजारी जमिनीवर बसली आणि मदतनीस बाईला म्हणाली, "हिला विचारा, आपण कोणाची वाट पाहून राहिलो?"

उत्तर आलं. मदतनीस बाईनं ते जसंच्या तसं सांगितलं :

"डॉक्टरांना माझा भाऊ हवा आहे ना? म्हणून बसले आहे. मी तर केव्हाची तयार आहे."

प्रणाली फोनवर हे सांगून थांबली. आमच्याकडं पाऊस पडून गेला होता, खिडकीच्या गजांना थेंब लटकत होते. मी ते बघत राहिले. चार तास. त्याला वाटत होतं, हे लोक मामासाठी थांबले आहेत. त्या लोकांना वाटत होतं, डॉक्टर मामासाठी थांबला आहे. आणि त्या दोघांच्या मध्ये नागपुरातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात तयार झालेलं, लॅमिनेट केलेलं माझं वाक्य होतं.

"पोरगं?" मी विचारलं.

"नेलं, मॅडम. मी सोबत आहे. अजून शुद्धीवर नाही आलं."

पुढचे पाच दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही. भाजी चिरताना मी बोटांवर तास मोजायची. हे बोलायचे ते मला ऐकू यायचं, पण अर्थ मागाहून यायचा. एकदा मी त्यांना जेवायला वाढलं आणि पानात मीठच नव्हतं, भाजीतही नव्हतं. ते निमूट जेवले. देवापुढं बसले तर काय मागावं ते सुचेना. पोर वाचू दे म्हणताना वाटायचं, मी त्याच्यासाठी मागते आहे की माझ्यासाठी?

सहाव्या दिवशी चिसोमोनं डोळे उघडले. वाचला. महिन्याभरानं उभा राहिला. डावा पाय ओढत चालतो. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार काही मुलांना असं करूनच जातो. लवकर आणलं असतं तरी झालं असतं, कदाचित.

त्या "कदाचित"मध्ये मी दोन वर्षं राहते आहे. त्या शब्दाला खिडक्या नाहीत.

तुकडी ऑगस्टमध्ये परतली आणि दुसऱ्याच दिवशी अक्षय माझ्या घरी आला. वाळलेला, दाढी वाढलेला. चहाला नको म्हणाला. खिशातून कार्ड काढून त्यानं मेजावर ठेवलं. कोपरे मुडपले होते.

"मी भांडायला नाही आलो," तो म्हणाला. "मले फक्त एक सांगा. हा सव्वीस नंबर कुठून आणला तुम्ही?"

मी खरं ते सांगितलं. इंटरनेटवरच्या एका पानावरून. थोकोनं मला सांगितलं होतं की असं नेहमी नसतं, पण तोवर प्रती छापून झाल्या होत्या. सांगताना मी त्याच्या चेहऱ्याकडं बघू शकले नाही. तो ओरडेल असं वाटत होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्यानं कार्ड पुन्हा उचलून मुडपलेला कोपरा सरळ केला. मग म्हणाला, "तुम्ही तं इथं होता, मॅडम. मी तिथं उभा होतो. ती बाई माझ्यापासून चार पावलांवर बसली होती. चार तास मी तिच्याकडे पाहिलं नाही. रस्त्याकडे पाहत होतो, मामा येते का म्हणून."

मी उठून त्याच्या शेजारी बसले. दोघंही रडलो नाही. रडल्यानं काही वाटून घेतलं गेलं असतं आणि त्या घडीला ते दोघांनाही नको होतं. जाताना तो दारात थांबला. "मी पुन्हा जाणार आहे," म्हणाला. "त्या पोराच्या पायाचे व्यायाम त्याची आई करून घेते. प्रणालीनं शिकवले. मले जाऊन पाहायचं आहे."

तो खरंच गेला, गेल्या वर्षीच्या तुकडीबरोबर. गेल्या वर्षी मी शिकवायला नकार दिला होता. डॉक्टरांनी आग्रह केला नाही. ती तुकडी शिकवणीविना गेली, काही विपरीत घडल्याची बातमी आली नाही, पण बातमी न येणं म्हणजे काही न घडणं नव्हे, हे मला आता ठाऊक होतं. मी गप्प बसून कुणाचं भलं केलं? शिकवलं तरी भीती, न शिकवलं तरी भीती. गेलं अख्खं वर्ष मी ह्या दोन भीतींच्या मध्ये येरझाऱ्या घातल्या.

ह्या एप्रिलमध्ये प्रणाली आली. "मॅडम, यंदा शिकवायचं मले सांगितलं आहे. मी एकटी नाही करू शकत."

"मला काही येत नाही, प्रणाली."

"ते तं मले माहीत आहे," ती म्हणाली, आणि दोघींनाही हसू फुटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

आम्ही यादी केली नाही. काही गोष्टी तोंडी सांगितल्या, थोकोनं येऊन सांगितल्या, आणि प्रत्येक गोष्टीनंतर ती म्हणायची, "माझ्या घरी असं आहे, दुसऱ्याचं त्याला विचारा." स्वेटर घ्यायला सांगितलं. आणि चारही रविवारी नव्या सहा जणांना घेऊन आम्ही बुटीबोरीला गेलो. कापडाच्या कारखान्यांत काम करणारी ओडिशाकडची कुटुंबं तिथं एकाला एक लागून असलेल्या खोल्यांत राहतात. नागपूरपासून तासाभरावर, आणि आमच्यातल्या एकालाही त्यांची भाषा येत नव्हती. ना पांढरा कोट, ना स्टेथोस्कोप. फक्त बसायचं, एखाद्याशी ओळख करून घ्यायची, इतकंच काम.

पहिल्या रविवारी समीक्षा नावाच्या तरुण डॉक्टरनं एका बाईला आल्या आल्या हिंदीत विचारलं, "बच्चे कितने हैं?" बाई आत गेली आणि दार लावून घेतलं. समीक्षा उन्हात उभी राहिली, मग पायरीवर बसली. तासाभरानं आम्ही निघालो तेव्हाही दार बंदच होतं. गाडीत ती रडकुंडीला आली. "मी काय चुकीचं विचारलं, मॅडम?" मला उत्तर द्यायचा मोह झाला. तोंडात आलेलं वाक्य मी गिळलं. म्हटलं, "मला माहीत नाही."

दुसऱ्या रविवारी ती पुन्हा त्याच पायरीवर बसली. दार उघडं होतं, बाई आत काम करत होती, बोलली नाही. तिसऱ्या रविवारी बाईनंच बाहेर येऊन मोडक्या हिंदीत विचारलं, "तुम कहाँ की हो? घर में कौन कौन है?" आणि समीक्षानं आपल्या आईबद्दल, मेलेल्या भावाबद्दल, सगळं सांगितलं. मागाहून कळलं, त्या बाईचं एक मूल गेल्या हिवाळ्यात गेलं होतं. "कितने"ला ती काय उत्तर देणार होती?

तुकडी गेली त्याला आता तीन आठवडे झाले. फोन जवळ ठेवून मी कामं करते. तो वाजला की हातातलं काम तसंच टाकते. काल दुपारी समीक्षाचा निरोप आला. वॉर्डातल्या एका आजीनं नातवाला औषध देऊ द्यायला नकार दिला आहे, मान हलवते आणि भिंतीकडं तोंड करते. "मॅडम, त्यांच्यात ह्याचा काय अर्थ असतो? मी काय करू?"

मला दोन-तीन अर्थ सुचले. तिन्ही बरोबर वाटत होते, हीच त्यातली भीती. मी लिहिलं, "औषध थांबू देऊ नकोस, त्याबद्दल तुमच्या मोठ्या डॉक्टरांशी बोल. आणि आजीला काय म्हणायचं आहे ते आजीलाच विचार."

निळ्या खुणा उमटल्या. मग काही नाही. तीन वाजले, चार वाजले. ह्यांनी दोनदा विचारलं, काय झालं, मी फोन त्यांच्यापुढं धरला. पाचाला पंधरा मिनिटं कमी असताना फोनवर एक ओळ आली :

"विचारलं, मॅडम. औषध घेतलं पोरानं. पण आजीचं ऐकून घ्यायला लय वेळ लागला."